बंद भट्टीचा पंचनामा

तो प्रसंग आजही माझ्या कानांत घुमतो. डोळ्यांनी पाहिलेलं बरंचसं आता पुसट झालं आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि एकदा कर्नाळ्याच्या बाजूला पिसाळलेला रेडा शिंगांना धरून एकट्याने ठाण्यापर्यंत चालवत आणला. त्या रेड्याने नंतर गुन्हाही कबूल केला, असं आमचे हवालदार सांगत. असा माणूस सहसा कशाला घाबरत नाही. पण तळोज्याच्या एका कारखान्यात, भर दुपारी, एका दाराआडून आलेल्या बारीकशा आवाजाने मी असा घाबरलो, की पुढे आठवडाभर ठाण्यात कपबशी वाजली तरी दचकायचो.

नावं कुणाचीच घेणार नाही. काही माणसं हयात आहेत, आणि काहींची मुलं वकील झाली आहेत.

नव्वदीची सुरुवात होती. मी पनवेलला फौजदार होतो. शेअरचं वारं असं सुटलं होतं, की न्हावी दाढी अर्धवट टाकून भाव विचारायला जायचा आणि गिऱ्हाईकही फेस लावलेल्या तोंडाने त्याच्या मागे जायचं. नव्या शहरासाठी आजूबाजूच्या गावांच्या जमिनी गेल्या होत्या, मोबदल्याचे पैसे लोकांच्या हाती आले होते. गावात नोकरदार होते, मास्तर होते, बँकेतले कारकून होते. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी वाण म्हणून चक्क शेअरचे अर्ज वाटले. एका हातावर तिळगूळ, दुसऱ्या हातात अर्ज. बायकांनी ते घरी नेऊन देवापुढे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी भरून टाकले.

हे अर्ज होते तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीचे. एक तरुण इंजिनिअर मोठी नोकरी सोडून तिथे खास पांढऱ्या मातीच्या नळ्या भाजायचा. माती म्हणायची, पण भाजून निघाली की पोलादाला भारी. जिथे लोखंड वितळेल तिथे ती नळी शांतपणे उभी राहते. या धंद्याला इंग्रजीत ‘अॅडव्हान्स्ड मटेरियल्स’ असं भारदस्त नाव होतं. आमच्याकडे तिला ‘पुढारलेली माती’ म्हणत.

या पुढारलेल्या मातीच्या भवितव्याची चर्चा रोज संध्याकाळी वडाळे तळ्याच्या काठी, एका कट्ट्यावर चालायची. अध्यक्ष होते एक निवृत्त मास्तर. ते पेपरातला बाजारभाव मोठ्याने वाचून दाखवत. त्यांच्या शेजारी बसत रोडपालीचे एक तात्या. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेलं घर, जमीन नव्या शहरात गेलेली. अंगात बंडी, डोक्यावर टोपी, आणि बंडीच्या आतल्या खिशात शेअरची कागदं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

"ही माती अवकाशयानाला लागते," मास्तर सांगत. "यान परत येताना पेटतं. ही माती पेटत नाही."

"मंग आमच्या सासूला याच मातीनं लिपायला पायजे होता," तात्या म्हणत. "ती तर बसल्याजागी पेटंची."

"तात्या, विषय गंभीर आहे. यंदा नफा किती होईल, ते बोला."

"ते मी सांगतू. आज धूर काला हाय."

हे धुराचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तात्यांच्या गावाच्या बांधावरून कंपनीचं धुराडं दिसायचं. तात्या रोज सकाळी बांधावर जाऊन ते पाहत आणि संध्याकाळी कट्ट्यावर खबर देत. काळा धूर म्हणजे काम जोरात, पातळ धूर म्हणजे थोडी मंदी. भातगिरणीपासून केमिकलच्या कारखान्यापर्यंत, धूर म्हणजे चालू आणि धूर नाही म्हणजे बंद, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कंपनीचा वार्षिक अहवाल गुळगुळीत कागदावर, इंग्रजीत यायचा. तो तात्यांनी पत्र्याच्या ट्रंकेला आतून लावला होता. मुंबईचा बाजार कशावर हलायचा कोण जाणे. पनवेलचा बाजार तात्यांच्या बांधावरून हलायचा.

आणि एका सकाळी धूर आला नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. दहाव्या दिवशी मास्तर आणि तात्या माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी नुकती हजेरी घेतली होती, वायरलेस खरखरत होता, आणि चहा टेबलावर आला होता. त्या दोघांचे चेहरे पाहून मी चहा बाजूला सारला. पोलिसाने चहा बाजूला सारला म्हणजे प्रकरण काय असेल, ते ओळखा.

"साहेब, कंपनी गेली," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात नापासांची नावं वाचल्यासारखा येत होता.

"गेली म्हणजे?"

"धूर नाय," तात्या म्हणाले. "धा दिस. मानसांना सुट्टी दिलीय. तो इंजिनेर घरी नाय, घराला टालं. परवा तिन्हीसांजेला टेम्पो भरून माल बाहेर गेला. मी या डोल्यांनी बगितला."

मी मनातल्या मनात टिपण केलं. कामगारांना सुट्टी, घराला कुलूप, टेम्पोतून माल. इतकं स्वच्छ प्रकरण मी फक्त ट्रेनिंगच्या पुस्तकात पाहिलं होतं.

"लेखी अर्ज द्या," मी म्हणालो. "कोणाकोणाचे शेअर आहेत, तेही लिहा."

मास्तर पुढे वाकले. खासगी आवाजात बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते जे पुटपुटले ते लॉकअपमधल्या दोन पाकीटमारांनीही ऐकलं.

"यादीत वहिनींचंही नाव घालू ना, साहेब? त्यांचे शंभर आहेत. हळदीकुंकवाचे."

मला काहीच माहीत नव्हतं. माझ्याच घरात, माझ्याच देव्हाऱ्यातून! हवालदाराने खोकला काढला. पाकीटमार एकमेकांकडे पाहून हसले. मी रुमालाने टोपी पुसत बसलो.

नियम साधा होता. स्वतःच्या घरचा संबंध असला, तर तपास दुसऱ्याकडे द्यायचा. मोठे साहेब आत बसलेले होते. दार ढकलून चार पावलं टाकली असती तरी पुरे होतं. मी ती चार पावलं टाकली नाहीत. स्टेशन डायरीत ‘अर्ज चौकशीकामी तळोजे येथे रवाना’ अशी नोंद केली, हवालदाराला बरोबर घेतलं आणि जीप काढली. वाटेत मला कायद्याची कलमं आठवत होती की शंभर शेअर, हे सांगायला नको.

आधी इंजिनिअरचं घर पाहिलं. कुलूप होतंच. शेजारीण म्हणाली, बाईसाहेब पेणला माहेरी गेल्यात, साहेब आठवडाभर फिरकलेले नाहीत. मी हवालदाराकडे सूचक पाहिलं. त्यानेही सूचक पाहिलं. आम्ही दोघं सूचक पाहण्यात तरबेज होतो.

कारखान्याच्या फाटकावर एक म्हातारा पहारेकरी होता. आत चिटपाखरू नव्हतं. धुराड्याच्या टोकावर कावळ्याने काटक्या रचायला घेतल्या होत्या. मोठ्या शेडमध्ये मधोमध एक भलीमोठी पेटी उभी होती, विटांची, बाहेरून पत्रा मारलेली, दाराला जाड बोल्ट. तिच्यासमोर स्टुलावर तो इंजिनिअर बसला होता. आठ दिवसांची दाढी, डोळे तांबारलेले, मांडीवर एक रजिस्टर. आम्हाला पाहून तो उठला नाही. आधी भिंतीवरचा काटा पाहिला, रजिस्टरात काहीतरी लिहिलं, आणि मग उठला.

"फरार आरोपी कारखान्यातच सापडला," हवालदार माझ्या कानात म्हणाला. "हुशार आहे."

मी एका ड्रमवर बसून चौकशीला सुरुवात केली.

"कारखाना बंद का आहे?"

"बंद नाहीये, साहेब. माल भट्टीत आहे."

"मग धूर कुठाय?"

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी त्याला भट्टीची जात विचारली होती. मग म्हणाला, "ही विजेची भट्टी आहे. आधीची तेलावर चालायची, ती दहा दिवसांपूर्वी कायमची विझवली. हिला धूर नसतो."

"कामगार?"

"तापवणं संपलं. आता फक्त सावकाश थंड करायचं असतं. त्याला माणसं लागत नाहीत, म्हणून सुट्टी दिली. मला मात्र काटा सोडून हलता येत नाही."

"टेम्पोतून कोणता माल गेला?"

"फुटक्या नळ्या. नव्या भट्टीचे पहिले दोन प्रयोग फसले. तिसरा हा. आठ मोठ्या नळ्या आहेत आत, एका सरकारी संस्थेच्या. एवढी मोठी नळी आपल्याकडे कोणी भाजलेली नाही. ह्या नीट निघाल्या तर कंपनी उभी राहील. नाही निघाल्या तर मला शटर ओढावं लागेल. शनिवारी भट्टी निवेल, तेव्हा या साहेब. सगळं दाखवतो."

उत्तरं चोख होती. आणि नेमकं तेच मला खटकलं. खरं बोलणारा माणूस पोलिसासमोर अडखळतो, विसरतो, स्वतःच्या मुलांची नावं चुकवतो. चोख उत्तरं देतो तो तयारी करून बसलेला असतो. वर हा शनिवार. मुदत मागणारे मी पुष्कळ पाहिले होते. भिशी बुडवणारा शनिवार मागतो, लग्न मोडणारा शनिवार मागतो, आणि रविवारी दोघंही सुरतेला असतात.

तेवढ्यात फाटकावर गलका झाला. मास्तरांनी कट्टा उठवून आणला होता. स्कूटरवर तिघं-तिघं, एक टेम्पो भरून रोडपालीचे लोक, पाठोपाठ रिक्षा. बँकेतला कारकून तर डबा हातात घेऊन आला होता. पहारेकऱ्याने फाटक धरलं, पण लोक फाटकासकट आत आले.

"पेटी रिकामी हाय!" कुणीतरी ओरडलं.

"उघडून दाखव!"

"साहेब, उघडायला लावा!"

इंजिनिअर दारासमोर आडवा झाला. "आत्ता नाही. आत नऊशे डिग्री आहे. गार हवा लागली की माल तडकेल. साहेब, तुम्हाला पाहायचंच आहे तर मागच्या बाजूने एक..."

"मागच्या बाजूने काय?" मी गरजलो. माझ्या गरजण्याने शेडचे पत्रे हलले आणि कावळा काटकी टाकून उडाला. "मागच्या बाजूने पळायचंय तुला? तोंड बंद! हवालदार, धर याला."

आरोपी ‘मागच्या बाजूने’ म्हणाला की मागे दार असतं, हे मी सतरा ठिकाणी अनुभवलं होतं. मी पंच बोलावले. पंच तटस्थ असावा लागतो. पण त्या गर्दीत शेअर नसलेला माणूस शोधायचा तर मला अलिबागला जावं लागलं असतं. एक पंच घेतले तात्या, दुसरा फाटकाबाहेरचा चहावाला. त्याचे फक्त वीस शेअर होते.

"पंचांसमक्ष भट्टी उघडा," मी हुकूम दिला.

 हवालदाराच्या पकडीत इंजिनिअर फक्त मान हलवत राहिला, नाही, नाही, नाही. बोल्ट काढायला गावातलेच दोघं पुढे आले. दार जड होतं, कण्हत हातभर सरकलं.

आतून उजेड आला. तसा तांबडा मी कुठे पाहिलेला नाही. समोरचे लोक तोंडावर हात घेऊन मागे सरले. आणि त्या तांबड्यात, पुरुषभर उंचीच्या आठ नळ्या ओळीने उभ्या होत्या, शांत, सरळ, काठाकाठाने उजळलेल्या.

माल होता! सगळा होता!

काय जल्लोष झाला म्हणता. मास्तरांनी टोपी उडवली. चहावाल्याने तात्यांना उचललं. बँकेच्या कारकुनाने डबा उघडून दिसेल त्याला लाडू वाटले. माझ्या तोंडातही एक कोंबला. मी तो चघळत, छाती पुढे काढून, माझ्या चौकशीचं यश पाहत होतो.

मग आवाज आला. टण्. काचेच्या पेल्याला नखाने टिचकी मारावी, तेवढाच.

इंजिनिअर ओरडला, "दार लावा!"

पुन्हा, टण्. मधल्या एका नळीवर वरून खाली एक काळी रेघ धावली. लोकांनी धावून दार ढकललं, बोल्ट घातले, कुणाचे हात भाजले. दार बंद झालं. आणि बंद दाराआडून आवाज येतच राहिला. टण्. थोडा वेळ काही नाही. टण्. कुणी हलत नव्हतं. न ठरवता सगळेच मोजत होते. सहा झाले, सात झाले. आठवा बराच वेळ आला नाही, इतका, की मास्तरांनी हात जोडले. मग तोही आला.

लाडू माझ्या तोंडात तसाच होता. तो मला गिळताही येईना, टाकताही येईना.

मला वाटलं, आता हा माणूस माझ्या अंगावर धावून येईल. यावं, असंच वाटत होतं. हवालदाराने त्याला केव्हाच सोडलं होतं. तो स्टुलाकडे गेला, रजिस्टर उचललं, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. मी वाकून वाचलं. वेळ, आणि पुढे दोनच शब्द, ‘दार उघडले’.

तात्या त्याच्याजवळ गेले. "पोरा, दुसरीकडून बगता नाय येत व्हता?"

इंजिनिअर त्यांना घेऊन भट्टीच्या मागे गेला. मीही गेलो. मागच्या भिंतीत, डोळ्याच्या उंचीवर, रुपयाएवढं भोक होतं. त्यात एक मातीचं बूच. शेजारी खिळ्याला दोरीने निळी काच टांगलेली.

"बूच काढायचं, काच धरायची आणि बघायचं," तो म्हणाला. "मालाला काही होत नाही. मी दर तासाला बघतो."

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगत होतो, साहेब."

इतकंच. ‘तुम्ही बोलू दिलं नाहीत’ असंही तो म्हणाला नाही.

तात्या भट्टीजवळ खाली बसले. "मीठ धरू लागला की आगरात पाय घालायचा नसतू," ते म्हणाले. "चिखल वर येतंय, पीक जातंय. मी लानपनी घातलेला, तवा बापाने माजी पाठ सोललेली. आनि आज मीच वरडलो, उघडा म्हनून."

बाहेर गर्दी कधी पांगली, कळलं नाही. आलेली माणसं ओरडत आली होती, गेली ती एकमेकांशी न बोलता.

आता पंचनामा लिहायचा होता. हवालदाराने पाटीवर कागद लावला, कार्बन घातला आणि माझ्या कानाशी आला. माझ्यावर त्याचा जीव होता.

"साहेब, ‘वीजपुरवठा खंडित झाल्याने माल तडकला’ असं लिहू? पनवेल तालुक्यात वीज गेली म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?"

खरंच कोणी नाही म्हटलं नसतं. वीज मंडळानेसुद्धा माफी मागितली असती.

इंजिनिअरने ते ऐकलं. तो म्हणाला, "साहेब, एक सांगू? या वेळी पूर्ण सांगू?"

"सांगा."

"वीज गेली लिहिलंत, तर संस्था म्हणेल, जनरेटर का नव्हता, चूक तुमची. ऑर्डर गेली, कंपनी गेली. जे झालं ते लिहिलंत, तर सरकारी अधिकाऱ्याच्या हुकमावरून दार उघडलं, हे कागदावर येईल. मग मला मुदतवाढ मागता येईल. देतील की नाही, माहीत नाही. पण मागता येईल."

बस. एका बाजूला माझी नोकरी, दुसऱ्या बाजूला त्याची कंपनी आणि अर्धं पनवेल. आणि मधे माझा स्वतःचा पेच असा, की खरं लिहावं तर उद्या लोक म्हणणार, फौजदाराने बायकोचे शेअर वाचवायला लिहिलं. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

तात्या म्हणाले, "वैनींचे शंबर हायत, तेबी लिवा. मंग कोन काय बोलनार?"

मी लिहिलं. माझ्या अक्षरात, एकही शब्द न खोडता. अर्जावरून आलो, चालकाने हरकत घेतली, ती डावलली, त्याचं बोलणं मधेच तोडलं, माझ्या हुकमाने दार उघडलं, आठही नळ्या तडकल्या. सदर कंपनीचे शंभर शेअर माझ्या पत्नीच्या नावे आहेत. तात्यांनी सही केली, चहावाल्याने अंगठा उठवला. हवालदाराने डोळे पुसले. धुळीमुळे, असं तो म्हणाला.

संध्याकाळी घरी गेलो. बायकोला म्हटलं, "शेअर घेतलेस, मला सांगितलं नाहीस."

"कुठले हो?"

"मातीचे. हळदीकुंकवाचे."

"अय्या, ते मी दिवाळीतच विकले! मिक्सर कुठून आला असं वाटलं तुम्हाला?"

मी मिक्सरकडे पाहिलं. चार महिने मी त्यातली चटणी खात होतो. हद्दीतल्या प्रत्येक चोराच्या सासुरवाडीचा पत्ता पाठ असलेला मी फौजदार, मला ओट्यावरचा मिक्सर दिसला नव्हता. नोकरीतला सर्वांत खरा पंचनामा मी लिहिला, आणि त्यातली एक ओळ खोटी निघाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांपुढे पुरवणी टिपण घेऊन उभा राहिलो. त्यांनी पंचनामा वाचला, टिपण वाचलं, खुर्चीवरून उठले, खिडकीशी गेले आणि पाठमोरे पाच मिनिटं खांदे हलवत हसले. मग वळून, अजिबात न हसता, माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. वेतनवाढ रोखली गेली, सेवापुस्तकात ठपका आला. तो अजून आहे. मी त्याविरुद्ध अपील केलं नाही.

इंजिनिअरने माझ्या पंचनाम्याची प्रत जोडून मुदतवाढ मागितली. तीन आठवडे उत्तर नव्हतं. मग मुदत मिळाली, एकदाच आणि शेवटची म्हणून. या वेळी भट्टी लावण्याआधी त्याने एक गोष्ट केली, जी त्याने कंपनी काढल्याच्या दिवशी करायला हवी होती. तो तळ्याच्या कट्ट्यावर आला आणि मराठीत बोलला. भट्टी का बदलली, धूर का नाही, पहिले दोन घाणे का फुटले, सगळं.

"हे आधी का नाही सांगितलंस?" मास्तरांनी विचारलं.

तो ओशाळला. "अहवालात छापलं होतं. आणि... मला वाटलं, तुम्हाला काय कळणार."

"आमाला काय कललं नाय, ते तू बगितलंस," तात्या म्हणाले. "लय म्हाग पडला तुला."

आठवडाभर माणसं आळीपाळीने कारखान्यात जाऊन त्या रुपयाएवढ्या भोकाला डोळा लावून येत. तात्या तर सकाळी बांधावर न जाता थेट तिथेच जात. शेवटच्या दिवशी दार उघडलं, तेव्हा मी गर्दीच्या मागे साध्या कपड्यांत उभा होतो. आठांपैकी सहा शाबूत निघाल्या. संस्थेने सहा घेतल्या. कुणी टोपी उडवली नाही. इंजिनिअर प्रत्येक नळीवरून हात फिरवून होईपर्यंत सगळे गप्प होते.

इथे गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं. पण तीन-चार वर्षांनी परदेशातून तसल्याच नळ्या निम्म्या भावात येऊ लागल्या आणि कंपनी बंद पडली. या खेपेला खरोखर. शेअर कागदाच्या मोलाचे झाले. माझी बदली महाडला झाली होती. खबर लागली तशी मी रजा टाकून पनवेलला आलो. म्हटलं, आता ठाण्यावर मोर्चा असणार, आणि निदान या वेळी कोणीतरी शहाणपणाने वागायला हवं.

ठाण्यात शुकशुकाट होता. ठाणे अंमलदार कलिंगड कापत होता.

"त्या मातीच्या कंपनीचे अर्ज किती आले?" मी विचारलं.

"कुठली कंपनी, साहेब?"

एकही अर्ज नव्हता. मी रोडपालीला तात्यांच्या घरी गेलो. ते अंगणात जाळं विणत बसले होते.

"तात्या, पैसे बुडाले ना तुमचे?"

"बुडाले तर. सगले."

"मग तक्रार?"

त्यांनी मान वर केली. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय, असं त्यांना वाटलं असावं.

"कोनाची करू? तो म्हयन्याला येऊन सांगंचा, काका, आता ऑर्डर कमी जाली, आता नाय जमत. आमी बोलायचो, अजून चार म्हयने बग. त्याने बगितले. शेवटी कुलूप लावताना चावी आमच्याकडं दिली, बोलला, तुमीच लावा. मास्तरांनी लावला." त्यांनी दोऱ्याची गाठ दातांनी तोडली. "पैसा गेला त्याचा वाईट वाटतंय. पन तुमच्याकडं येन्यासारखा काय जाला?"

मी परत रिक्षात बसलो आणि रिक्षावाल्याला थेट एस.टी. स्टँडवर न्यायला सांगितलं.

उरलेल्या नोकरीत फसवणुकीचे शेकडो अर्ज माझ्या टेबलावर आले. त्यांतले बरेच खरे होते, आणि त्यांतल्या आरोपींना मी दयामाया दाखवली नाही. पण प्रत्येक अर्जदाराला मी पहिला प्रश्न एकच विचारायचो, ‘त्या माणसाने तुम्हाला काय सांगितलं?’ जो म्हणायचा ‘सांगितलंच नाही’, त्याच्याबरोबर मी लगेच निघायचो. जो म्हणायचा ‘सांगत होता, पण आम्ही ऐकलं नाही’, त्याला मी बसायला खुर्ची द्यायचो, आणि समोरच्या माणसाला बोलावणं पाठवून तो येईपर्यंत दोघांसाठी चहा मागवायचो.